सामाईक ढीग

घेवड्याची पानं मुठी आवळल्यासारखी वळली होती. आत्यानं एक पान दोन बोटांत धरून हलकेच उलगडलं. सोडल्याबरोबर ते पुन्हा आत वळलं.

"पाणी कमी पडलं असेल," थोरला म्हणाला.

"पाणी कमी पडलं की पान मलूल होतं, मान टाकतं. हे बघ, ताठ आहे. देठ तर नको तितका जाड झालाय."

थोरला बघायला वाकला नाही. वाटणीत डोंगरउतारावरच्या शेताच्या वरच्या पायऱ्या त्याच्या वाट्याला आल्या तेव्हापासून तिथं काही बिघडलं की तो आधी आभाळाकडे बघायचा आणि मग धाकट्या भावाकडे. धाकटा आज बांधावर बसून होता. सकाळीच निरोप धाडून त्याला खालून बोलावून घेतलं होतं आणि चढ चढून आल्यामुळे तो अजून तोंडानं श्वास घेत होता. थोरल्याची बायको, आत्याची वहिनी, कमरेवर हात ठेवून उभी होती. ओळीच्या टोकाला, गुडघे मातीत टेकून, चिमणी एकेका रोपापुढे सरकत होती.

चिमणी म्हणजे थोरल्याची मुलगी. चिमणी म्हणावं असं तिच्यात आता काही उरलं नव्हतं. शहरातल्या छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलून तिचे दंड बापासारखे झाले होते. ती नोकरी सोडून थंडी सरता सरता ती घरी आली होती, आणि ती कायमची. आई नको म्हणाली होती. बाप हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. आत्या मात्र जाता-येता तेच बोलत राहिली होती, की आम्ही दोघं-तिघं म्हातारे झालो, आता कुणीतरी या पायऱ्या हातात घ्यायला हव्यात, आणि त्या कुणीतरीचं नाव सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा हा घेवडा चिमणीचा पहिलाच होता.

"चला, एकेक करून बघू," आत्या म्हणाली.

हा तिचा जुना सूर होता. दोघा भावांच्या या बहिणीला स्वतःचं मूल नव्हतं. पण घरातली आणि आजूबाजूच्या घरांतली सगळी मुलं याच सुरात शिकली होती. उत्तर माहीत असलं तरी ती आधी सांगत नसे. मुलाच्या हाताला धरून त्याला उत्तराच्या दारापर्यंत नेत असे. आज तिला उत्तर माहीत नव्हतं, तरी सूर तोच लागला.

"बी कुठलं?"

"आपलंच," चिमणी म्हणाली. "मागच्या वर्षीचं. काकानंही त्यातलंच नेलं."

"आणि काकाचा घेवडा कसा आहे?"

धाकट्यानं मान खाली घातली, जणू चोरीच पकडली गेली. "माझा बरा आहे. वेल काठीला लागलेत."

"म्हणजे बी नाही. दव गोठून जळला म्हणावं तर शेजारी जव बघा."

सगळ्यांनी जवाकडे बघितलं. एका बांधापलीकडे तो गुडघ्याएवढा, हिरवाकंच उभा होता. वाऱ्यानं डुलत होता, अगदी निर्लज्जासारखा.

"कीड," वहिनी म्हणाली.

आत्यानं पानाची मागची बाजू वर केली, सगळ्यांना दाखवली. स्वच्छ होती. मग ते सगळे तिच्या स्वतःच्या मधल्या पायऱ्यांवर उतरले. तिथं बटाट्याचे शेंडे नेच्याच्या कोंबासारखे गुंडाळलेले होते. वाटाणा तर ओळखू येत नव्हता. पण बांधावरचं गवत छान वाढलं होतं.

चिमणी उठून उभी राहिली आणि गुडघे झटकायचे विसरली. "आत्या, रुंद पानाचं सगळं वळलंय. गवतासारखं जे आहे त्याला काही झालेलं नाही."

"बरोबर. आता काकाच्या जमिनीत आणि आपल्या जमिनीत फरक काय, ते शोधायचं."

"फरक हा," थोरला म्हणाला, "की त्याचं नशीब जन्मापासून चांगलं."

"दादा, मी यंदा ढिगातलं खत नेलं नाही," धाकटा म्हणाला. "गाडी बंद पडली होती, मग पेरणीची घाई झाली. म्हटलं पुढच्या खेपेला नेईन."

"बरं सुचलं भावजी तुम्हाला," वहिनी म्हणाली.

सगळ्यांच्या माना हळूहळू घराकडे, गोठ्याशेजारच्या ढिगाकडे वळल्या.

*

वाटणी झाली तेव्हा या घरात काय काय वाटलं गेलं होतं, ते आत्याला अजून लख्ख आठवायचं. चुली वेगळ्या झाल्या. पितळेची भांडी वजन करून वाटली. अंगणात मधोमध दोरी बांधली गेली आणि चार दिवस सगळे तिच्यावरून पाय उचलून चालत होते. पण ढीग कुणी वाटला नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं. वाटायचा कसा, हेच कुणाला कळलं नाही.

कारण डोंगरावर माती कुणा एकाची नसते. वरच्या पायरीवर घातलेलं हळूहळू मधल्या पायरीवर उतरतं, मधलीवरचं खालच्या. म्हणून दर वर्षी, जमीन थंडीतून जागी झाली की, सगळं घर खालच्या पायरीवर जमायचं आणि खाली साचलेली माती पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर न्यायचं. बोलणं बंद असलं तरी न्यायचं. एका वर्षी दोघा भावांनी दिवसभर एकमेकांच्या टोपल्या भरल्या आणि एक शब्द उच्चारला नाही. आज वरच्या पायरीवर जी हातभर माती होती, तिच्याखाली नुसता कातळ होता. ती माती आजोबांच्या, बापाच्या आणि आता यांच्या पाठीवरून वर गेलेली होती.

ढिगाचंही तसंच. शेतातला पाला, गोठ्यातलं शेण, चुलीची राख, भाजीची सालं, जे जे जमिनीतून निघालं ते ते ढिगात यायचं, कुजायचं आणि परत जमिनीत जायचं. नवा ढीग रचताना जुन्या ढिगातली एक टोपली त्यात मिसळायची, दुधाला विरजण लावावं तशी. हे काम आत्याचं. हे विरजण आजोबांनी लावलेलं आहे, असं ती मुलांना सांगायची, आणि ते खरंच होतं. त्या ढिगाला शेवट असा कधी आलाच नव्हता. आपल्या घरातून काही बाहेर जात नाही, सगळं फिरून येतं, हेही ती सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा उजळायचा.

मग ती मुलाच्या नाकाशी मूठ धरायची. "वास घे. सांग, ह्याला काय हवंय?" आंबूस आला तर हवा हवी, ढीग उलटवायला हवा. धुरकट, कोरडा आला तर पाणी. नाकात झोंबला तर शेण जास्त झालं, पाला घाला. चिमणीचं नाक सगळ्यांत तल्लख होतं. ती फ्रॉक घालायच्या वयात डोळे मिटून अचूक सांगायची आणि मग तीच मूठ आईच्या नाकाशी न्यायची, तेव्हा वहिनी पदर तोंडाला लावून ओरडायची.

आताही आत्यानं ढिगात हात घातला. आत ऊब होती. मूठ बाहेर काढून तिनं दाबली, तसा गोळा झाला, अंगठ्यानं टोकल्यावर भुरभुरून सुटला. गांडुळं गुलाबी, टपोरी होती. वास जंगलातल्या पाल्याखालच्या जमिनीसारखा होता, गोडसर, गार.

"ढीग चांगला आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात इतकी सुटका होती की तिलाच लाज वाटली.

"चांगला आहे तर मग घेवडा का मेला?" थोरल्यानं विचारलं.

"मला माहीत नाही."

ती असं म्हणाली आणि चारही जण तिच्याकडे बघत राहिले. या घरात हे वाक्य आत्याच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं.

चिमणी ढिगाच्या कडेला उकिडवी बसली होती. आत्याचाच सूर तिनं उचलला, अगदी हळू. "ढिगात शेण कुणाचं? आपल्या गाईंचं. मागच्या थंडीत गाईंनी काय खाल्लं?"

"गवत," वहिनी म्हणाली. "आणखी काय खाणार, लाडू?"

"कुठलं गवत, आई?"

मागच्या वर्षी वरच्या उतारावरचं गवत पावसाअभावी वाळून गेलं होतं. तेव्हा धाकट्यानं स्वतःच्या गाडीत घालून सपाटीवरून गवताचे गठ्ठे आणले होते. भाड्याचा विषयही काढू दिला नव्हता. वाटणीनंतर पहिल्यांदाच थोरल्यानं त्याला स्वतःच्या चुलीपुढे बसवून जेवू घातलं होतं. पहिला गठ्ठा सोडला तेव्हा सगळे भोवती जमले होते आणि प्रत्येकानं त्यात हात फिरवून बघितला होता. काय गवत होतं ते. एका जातीचं, एका उंचीचं, आणि त्यात शोधून एक तण सापडलं नसतं. आत्या तर हरखून गेली होती. तणाचं बी गाईच्या पोटातून ढिगात येतं आणि ढिगातून शेतात जातं, आणि मग उन्हाळाभर खुरपत बसावं लागतं. तिनं धाकट्याच्या पाठीवर थाप मारली होती.

"एक तण नव्हतं त्यात," चिमणी म्हणाली. "कसं नव्हतं?"

धाकट्याचा हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला.

*

गवतवाला पलीकडून मोकळ्या आवाजात बोलत होता. मागे कुठलंतरी यंत्र चालू होतं. धाकट्यानं फोन ढिगाजवळच्या दगडावर ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.

"बोला गाडीवाले. बऱ्याच दिवसांनी आठवण केली."

"ते गवत नेलं होतं ना मी तुमच्याकडून. त्यावर काही औषध मारता का तुम्ही?"

"मारतो की. तणनाशक. वर्षातून एकदा. रुंद पानाचं जे असेल ते मरतं, गवताला धक्का लागत नाही. म्हणून तर माल एवढा साफ. का, गाईंनी खाल्लं नाही?"

"खाल्लं. आवडीनं खाल्लं."

"खाणारच. आणि घाबरू नका, गाईला काही होत नाही त्यानं. जसंच्या तसं शेणातून बाहेर पडतं."

वहिनीनं डोळे मिटले. धाकटा फोनवर वाकला. "आणि त्या शेणाचं खत केलं तर?"

पलीकडचं यंत्र बंद झालं. "खत होय. नाही, भाजीपाल्याला घालू नये म्हणतात. डब्यावर असतं लिहिलेलं. आता आमच्याकडे सगळीकडे गवतच, इथं कुणाला विचारायची वेळ येत नाही. मला वाटलं तुम्ही दूधवाले."

"किती दिवस राहतं ते जमिनीत?" हे चिमणीनं विचारलं.

"कोण बोलतंय? बरं, बरं. ऊन आणि ओल असली की एक-दोन वर्षांत जातं म्हणतात. जमिनीतले जीवजंतूच खातात त्याला. ढिगात जास्त टिकतं. तुमच्याकडे थंडी कितपत असते?"

धाकट्यानं समोरच्या शिखराकडे बघितलं. तिथलं बर्फ अजून वितळलं नव्हतं. "असते थोडी," तो म्हणाला.

"मग जरा जास्त धरा." त्याचा आवाज उतरला. वाईट माणूस नव्हता. "मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं हो. यंदाचंही गवत चांगलं निघालंय. म्हणजे, तुम्हाला नको असेल आता."

"नको," धाकटा म्हणाला. "ठेवतो."

*

थोरल्याच्या स्वयंपाकघरात सगळे जमले आणि कुणी कुठं बसावं हे क्षणभर कुणालाच ठरवता आलं नाही. शेवटी धाकटा दाराजवळ टेकला, पाहुण्यासारखा. वहिनीनं चहा ठेवला. दूध घालताना तिचा हात थांबला, तशी आत्या म्हणाली, "दुधाला काही नाही. ऐकलंस ना." वहिनीनं दूध घातलं, पण स्वतःच्या कपात घातलं नाही.

"तू आणलंस," थोरला धाकट्याला म्हणाला.

"हो."

"एक शब्द विचारता आला नाही त्याला?"

"काय विचारणार होतो, दादा? गवत आहे का गवत, असं?"

"हात आपण सगळ्यांनी फिरवला होता त्यातून," आत्या म्हणाली. "मी तर नाकही खुपसलं होतं."

"ताई, तू याची बाजू घेऊ नकोस. लहानपणापासून तू याची बाजू घेतेस."

"भावजींना बोलू नका," वहिनी म्हणाली.

आत्यानं चमकून तिच्याकडे बघितलं. वाटणीच्या वेळी कुठल्याशा पितळी पातेल्यावरून वहिनी या दिराशी कितीतरी महिने बोलली नव्हती. आज ती त्याच्या हातात कप देत होती.

"त्यांनी चांगल्या मनानं आणलं. झालं ते झालं. आता पोरीचं काय ते ठरवा."

तेव्हा आत्याला समजलं. वहिनी कुणाची बाजू घेत नव्हती. सगळे अजून सकाळच्या घेवड्यापाशी घुटमळत होते आणि ती एकटी पुढे, पोरीच्या परत जाण्यापर्यंत, जाऊन पोहोचली होती.

"माझं काय ठरवायचं?" चिमणी म्हणाली. "आत्या, मला सरळ सांग. आता या वर्षी काय करता येतं?"

आत्यानं कप खाली ठेवला. असं सरळ सांगायची तिला सवय नव्हती. "जव काढता येईल. जवाला काही होत नाही."

"आणि त्याचा पेंढा?"

"गाईला घालता येणार नाही. जमिनीतलं थोडंफार पेंढ्यात चढतं. गाईनं तो खाल्ला की शेणातून ते पुन्हा ढिगात."

"पुढच्या वर्षी?"

"पुन्हा जव. घेवडा, वाटाणा, बटाटा नाही. ते डब्यात थोडी माती घेऊन आधी पेरून बघायचे. पान सरळ आलं तर शेतात, नाहीतर थांबायचं."

"आणि जवाला खायला काय घालायचं? घेवड्याच्या मुळांनी हवेतलं खत जमिनीत आणायचं, ते बंद. ढीग बंद, शेतातला पाला-पेंढा नाही तर नुसत्या शेणाचा ढीग किती होणार."

"हो."

"म्हणजे घालायचं काय?"

तिनंच शिकवलं होतं हे. जमीन म्हणजे घरातलं माणूस आहे, काम करून घेतलं की जेवू घालावं लागतं. चिमणी पाटीवर लिहून आणायची, घेतलं किती आणि दिलं किती, आणि दोन्ही बाजू सारख्या आल्या की उड्या मारायची.

"दुकानातून खताची पोती आणा," वहिनी म्हणाली. "सगळं जग आणतं."

"मग आपला बटाटा घेणारा येणार नाही," थोरला म्हणाला. "तो दर वर्षी माती तपासून नेतो. एकदा पोतं टाकलं की संपलं त्याच्यासाठी."

"यंदा बटाटाच नाही, तर तो येऊन काय बघणार आहे?"

"पोत्यानं जव हिरवा होईल, वहिनी," आत्या म्हणाली. "पण आपली माती कातळावर बसलीय ती ढिगाच्या खतानं. त्यानंच तिचे कण एकमेकांना धरून असतात. दोन-चार वर्षं ढीग मिळाला नाही तर ती भुकटी होईल आणि पाऊस घेऊन जाईल."

"मग आपण पुन्हा वर नेऊ," थोरला म्हणाला.

"काय वर नेणार? खाली जाणारी मातीही तीच, औषधाची."

धाकट्यानं इतका वेळ कप नुसता हातात धरला होता. आता तो म्हणाला, "चिमणे, माझ्या दोन पायऱ्या घे. तिथं ते गेलेलं नाही. तिथं घेवडा कर, हवं ते कर. वाटणीचं वगैरे काही मनात आणू नकोस."

चिमणीनं त्याच्याकडे बघितलं. तिचा चेहरा हलला, आणि थोडा वेळ आत्यालाही वाटलं, की हे जमेल.

"गेलेलं नाही अजून," थोरला म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे ते ऐकायला जास्त वाईट वाटलं. "माझं पाणी कुठं उतरतं? ताईच्या पायरीवर. ताईचं कुठं? एक चांगला पाऊस पडू दे. आणि तो ढीग तर गोठ्याशेजारी उघडाच आहे. त्याचं काळं पाणी सरळ तुझ्याकडे जाईल."

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. आत्याला ते दोघं लहान असतानाचे आठवले, काहीतरी फोडल्यावर असेच बघायचे.

"ढीग हलवायला हवा," ती म्हणाली. "शेतात गेलेलं आता निघत नाही. पण उरलेलं तरी खाली जाऊ द्यायचं नाही. पाऊस पडायच्या आत."

"ताडपत्री टाकू," धाकटा म्हणाला.

"वरून नाही भिजणार. उताराचं पाणी खालून शिरेल."

"दरीत ढकलू."

"दरीत झरा आहे. खालची वस्ती तेच पाणी भाजीला घालते."

"मग माझ्या गाडीत भरून शहरात नेऊ. तिथं कचऱ्याचं मोठं मैदान आहे."

"तिथं त्याचं खत करतात, काका," चिमणी म्हणाली. "पोत्यात भरून विकतात. मी राहत होते तिथल्या बाल्कनीत लोक घालायचे."

"गोठ्यात?"

"गोठ्याची मोरी शेतातच निघते," थोरला म्हणाला.

एकेक जागा कुणीतरी काढत होतं आणि दुसरं कुणीतरी तिच्याखाली कोण राहतं ते सांगत होतं. डोंगरावर टाकून द्यायला जागाच नव्हती. प्रत्येक जागेच्या खाली कुणीतरी होतं. चहा गार झाला. वहिनीनं कप उचलले आणि धुवायला नेले, पण नळ सोडला नाही.

"पाणी आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही, अशी एकच जागा आहे घरात," चिमणी म्हणाली.

आत्याला ती कुठली ते लगेच कळलं. तिला वाटलं, पोरीनं पुढचं बोलू नये.

"माझी खोली."

*

घराच्या पोटात, जिन्याखालच्या बाजूला, ती खोली होती. आजोबांनी बियाण्याचा बटाटा ठेवायला बांधली होती. जाड दगडी भिंती, दगडांची फरशी, आणि फरशीच्या सांध्यांत चुना इतका घट्ट भरलेला की कितीही पाऊस झाला तरी आत ओल येत नसे. चिमणी येणार म्हटल्यावर ती रिकामी केली होती. धाकट्यानं भिंत फोडून तिथं खिडकी बसवली, थोरल्यानं फळी ठोकली. पांढरा चुना चिमणीनं स्वतः फासला होता आणि एका कोपऱ्यात तिच्या हाताचा पंजा उमटला होता, तो तिनं पुसला नव्हता.

वहिनीनं पोरीचं अंथरूण गुंडाळलं, कपड्यांची पिशवी घेतली आणि वर निघाली. तिला हवं होतं ते होत होतं. तरी जिना चढताना ती मध्येच कठड्याला धरून उभी राहिली आणि बराच वेळ तशीच राहिली.

धाकट्यानं खिडकीची चौकट काढली आणि भोक दगडांनी बुजवलं. मग फावडी आली, पाठीवरच्या टोपल्या आल्या. माती वर नेण्याच्या दिवशी असायची तशीच रांग लागली. फावड्यावर थोरला होता. धाकटा, आत्या आणि चिमणी वाहत होते. वहिनी खाली आली आणि तिनंही टोपली पाठीला लावली. दरवर्षी या कामात कुणीतरी कुणाची तरी नक्कल करायचं, धाकटा मुद्दाम धापा टाकायचा. आज टोपली रिकामी झाल्याचा आवाज तेवढा यायचा, आधी दगडावर आणि मग ढिगावर, मऊ.

"इथं कुजेल का ते, आत्या? औषध जाईल का?" चिमणीनं एका खेपेला विचारलं.

"ऊन नाही, ओल नाही. इथं जसं ठेवू तसंच राहील."

"म्हणजे कधीच नाही."

"कधी ना कधी थोडं थोडं बाहेर काढून जवाच्या शेतात पसरता येईल. फार हळू. माझ्या हयातीत व्हायचं नाही."

चिमणीनं मान हलवली आणि टोपली उचलून गेली. दुसऱ्या बाजूनं धाकटा येत होता. ती त्याला काय म्हणाली ते आत्याला ऐकू आलं. "काका, उद्या सकाळी गाडी खाली न्यायची असेल तर मलाही ने. छापखान्यात अजून जागा असेल, विचारून बघते."

धाकटा काहीतरी म्हणणार होता. त्यानं नुसतं "नेतो" म्हटलं.

आत्याला वाटलं, आपण पुढे व्हावं आणि काहीतरी सांगावं. थांब म्हणावं. डब्यात माती भरू, बी पेरू, पान कसं येतं ते बघू. आयुष्यभर तिच्याजवळ प्रत्येक मुलाला सांगायला पुढची पायरी होती. आता ती शोधत होती आणि हाताला काही लागत नव्हतं. एवढ्याशा पायऱ्यांवर जव खाऊन एका तरुण बाईनं किती वर्षं वाट बघायची, हा हिशेब तिनं मनात मांडला आणि पुरा केला नाही.

उन्हं कलली तेव्हा ढिगाच्या जागी नुसता काळा डाग उरला होता. आत्यानं तळाची शेवटची टोपली भरली आणि बाजूला ठेवली. थोरला ते बघत होता. तो आला, त्यानं टोपलीला हात घातला.

"ताई, ही कशाला ठेवलीस?"

तिनं टोपलीकडे बघितलं. विरजणाची टोपली होती. हातानंच बाजूला काढली होती, तिनं ठरवलं नव्हतं.

"सवयीनं," ती म्हणाली.

थोरल्यानं टोपली उचलली. दारापर्यंत नेली, तिथं थबकला, मग आत जाऊन उलटी केली. बाहेर आला तेव्हा तो टोपलीचा तळ हातानं झटकत होता. एकही कण राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा झटकत होता. धाकट्यानं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

खोली फळीपर्यंत भरली होती. पांढऱ्या चुन्यावरचा पंजा कधीच झाकला गेला होता. सगळे हात धुवायला गेले. आत्या एकटी दारात उभी राहिली. चिमणी तिच्याजवळ आली, आत वाकून तिनं एक मूठ घेतली आणि आत्याच्या नाकाशी धरली, अगदी लहानपणी आत्या धरायची तशी.

"सांग," ती म्हणाली. "ह्याला काय हवंय?"

आत्यानं डोळे मिटून वास घेतला. घाई केली नाही. मुलांना ती सांगायची, पहिल्या वासावर जाऊ नका, थांबा, दुसरा येऊ द्या. तिनं दुसरा येऊ दिला.

"काही नको," ती म्हणाली. "तयार आहे."

चिमणीनं मूठ दाराच्या आत उघडली आणि दार ओढून कडी लावली.